बग्गी राहू द्या, दार वाजू द्या

युद्धात असलेल्या कुठल्याही देशात संसदेच्या नव्या अधिवेशनाची तारीख जवळ आली की एक ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, रोज शवपेट्या येत असताना कसली मानवंदना, कसल्या बग्ग्या आणि कसलं अभिभाषण? दुसरा गट म्हणतो, हीच तर वेळ आहे; सगळं नेहमीच्या थाटात झालं पाहिजे, शत्रूला दिसू दे की आम्ही हललेलो नाही. पहिल्याचा संताप खरा असतो, दुसऱ्याचा अभिमानही खोटा नसतो. पण दोघंही भांडतात ते मिरवणुकीवरून. मिरवणूक जिथं जाऊन थांबते त्या सभागृहात पुढे काय होणार, तिथं कुणाला काय विचारता येणार, हा विषय दोघांच्याही बोलण्यात येत नाही. लग्नाच्या बैठकीत तासभर बँडवाल्यावर वाद घालावा आणि नवरा-नवरीचं नावही निघू नये, तसा हा प्रकार.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. युद्धकाळात थाट कमी करावा, वाटलं तर पूर्ण बंद करावा. त्याबद्दल मला काडीचं दुःख नाही. पण अधिवेशन उघडण्याचा विधी एका दिवसानंही पुढे ढकलू नये. थाट म्हणजे घोडे, तोफा, झगे, लाल गालिचा. विधी म्हणजे ठरलेल्या दिवशी प्रतिनिधींना बोलावणं, सरकारनं पुढच्या वर्षात काय करणार ते लेखी मांडणं, आणि त्या मजकुरावर मत देण्याचा, तो नाकारण्याचा हक्क सभागृहाच्या हाती येणं. हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच इमारतीत घडतं म्हणून आपण त्यांना एकच समजतो. मग एक गट थाटाच्या रागानं विधी मोडायला निघतो आणि दुसरा विधीचं नाव सांगून थाट वाचवतो.

या सोहळ्यांचं माहेर म्हणजे वेस्टमिन्स्टर, ब्रिटनची संसद, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. राजा अधिवेशन उघडायला येण्याआधी राजाचे रक्षक कंदील घेऊन तळघरं तपासतात, कारण १६०५ मध्ये तिथं दारूगोळा भरून राजासकट संसद उडवण्याचा कट झाला होता. राजा संसदेत असेपर्यंत एक खासदार राजवाड्यात ओलीस म्हणून राहतो. आता तो तिथं चहा पीत बसतो म्हणे, पण प्रथेचा अर्थ चहाचा नाही: आमचा राजा सुखरूप परत आला तरच तुमचा माणूस सुटेल. मग राजाचा दूत काळी काठी घेऊन कॉमन्सच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, दाराशी येतो आणि दार त्याच्या तोंडावर आपटलं जातं. त्यानं काठीनं तीनदा ठोठावायचं, मग आत घ्यायचं. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स शिपाई घेऊन पाच खासदारांना पकडायला सभागृहात घुसला होता, त्याची ही दरवर्षीची आठवण. त्यानंतर सभा चालू असताना एकही राजा त्या दारातून आत गेलेला नाही.

याहून मला आवडते ती एक छोटी, फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट. राजाचं भाषण ऐकून खासदार आपल्या सभागृहात परततात, आणि त्या भाषणावर चर्चा सुरू करण्याआधी एक भलतंच विधेयक मांडतात. गुन्हेगारांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकण्याविषयीचं हे विधेयक शतकानुशतकं मांडलं जातं आणि कधीच पुढे सरकत नाही. ते मांडायचं एवढ्यासाठीच की राजा काहीही सांगून गेला असो, आम्ही आधी आमचं काम करू, मग तुमचं बघू. हा पोरखेळ वाटेल. पण सत्तेला आपण पाहुणे आहोत याची जाणीव दरवर्षी, न भांडता, न ओरडता करून देणारी याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही. तिला ना घोडा लागतो ना तोफ.

यातून एक साधी कसोटी निघते. ज्या रिवाजात सत्ताधाऱ्याला दाराशी थांबावं लागतं, तो युद्धातही जपावा. ज्यात फक्त प्रतिनिधींनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात, तो शांततेतही काढून टाकला तरी चालेल.

ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धात जवळपास हेच केलं. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी सहावा जॉर्ज अधिवेशन उघडायला आला तो राजवस्त्रं बाजूला ठेवून, आरमारी गणवेशात. पुढच्या वर्षी लंडनवर बॉम्ब पडत होते. सभागृह कधी बसणार याची वेळ आधी छापायची नाही असं ठरलं आणि खासदार बराच काळ शेजारच्या चर्च हाउसमध्ये बसू लागले. १० मे १९४१ च्या रात्री कॉमन्सचं दालनच बेचिराख झालं. मग त्यांनी लॉर्ड्सचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, दालन घेतलं आणि लॉर्ड्स मंडळी राजाच्या वस्त्रं बदलण्याच्या खोलीत सरकली. थाटाची एक एक वस्तू गळत गेली. पण १९३९ ते १९४४ अशी सलग सहा वर्षं, प्रत्येक नोव्हेंबरात, नवं अधिवेशन उघडलं, राजाचं भाषण वाचलं गेलं आणि त्यावर चर्चा झाली. त्या काळात निवडणुका मात्र झाल्या नाहीत. १९३५ ची संसद दरवर्षी स्वतःची मुदत वाढवत १९४५ पर्यंत ओढली गेली. निवडणुकीसारखी मोठी गोष्ट पुढे ढकलणाऱ्यांनी नोव्हेंबरचं उद्घाटन पुढे ढकललं नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

आता समोरच्यांचं म्हणणं. मराठी माणसाला सांगायचं तर त्यांचा पहिला मुद्दा एका वाक्यात येतो: आधी लगीन कोंडाण्याचं. मुलाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी गडावर गेला, मग देशाला सोहळे कसले सुचतात? हा मुद्दा भावनेचा आहे म्हणून हलका नाही. ज्या घरातला मुलगा आघाडीवर आहे त्या घराला सलामीच्या तोफांचा आवाज वेगळाच ऐकू येतो, आणि राज्यकर्त्यांना त्याचं भान नसेल तर ते नालायक आहेत. शिवाय नमनालाच घडाभर तेल जाळण्याची आपली हौस युद्धात परवडत नाही. मंत्री, सेनाधिकारी, सुरक्षादलं यांचा दिवसच्या दिवस तालमीत जातो. हे सगळं मान्य. पण रायबाचं लग्न हे तानाजीचं घरचं कार्य होतं. संसदेचं अधिवेशन हे कुणाच्या घरचं कार्य नाही. लढाईला माणसं आणि पैसा कुठून येणार हे जिथं ठरतं ती ती जागा आहे. तिथं बसणं हा कोंडाण्याचाच भाग आहे.

आणि कोंडाण्याचा दाखला देणारे रायगड विसरतात. कोंडाणा १६७० चा. त्यानंतर चारच वर्षांनी, ६ जून १६७४ ला, मोगल आणि आदिलशाही दोन्ही शत्रू उरावर असताना महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला, तोही पुरेपूर थाटात. का? कारण त्या विधीनं काहीतरी बदलणार होतं. कालपर्यंत ज्याला दरबारी कागदांत बंडखोर जहागीरदार म्हणता येत होतं, तो छत्रपती झाला. त्याच्या सनदेला, नाण्याला, शकाला आधार आला. ज्या विधीनं कायद्याच्या दृष्टीनं काही घडतं, त्याला युद्धाची सबब चालत नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचं आहे. संसदेचा आणि राज्याभिषेकाचा जोड मी यापुढे ताणणार नाही.

उलट बाजूनं, थाट अजिबात नसतानाही विधी किती जड असू शकतो याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १२ एप्रिल १८६१ ला यादवी युद्धाची पहिली तोफ उडाली. तीन दिवसांत अध्यक्ष लिंकननं काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, बोलावणं धाडलं, पण तारीख दिली ४ जुलैची. मधल्या अडीच महिन्यांत त्यानं बंदरांची नाकेबंदी केली, सैन्य वाढवलं, अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क काही भागांत थांबवला. यातलं बरंच काही काँग्रेसच्या अधिकारातलं होतं. लिंकनचे चाहतेही या अडीच महिन्यांबद्दल जपून बोलतात. पण ४ जुलैला त्याला हिशेब द्यावा लागला. त्या काळी तिथं अध्यक्ष सभागृहात येऊन भाषण करत नसे. लेखी संदेश जाई आणि कारकून तो वाचून दाखवी. ना मिरवणूक, ना सिंहासन. कागदावर एका माणसानं आपण काय केलं आणि का केलं ते मांडलं आणि मान्यता मागितली. सैन्याविषयीच्या निर्णयांना काँग्रेसनं ऑगस्टमध्ये मान्यता दिली. अटकेच्या प्रश्नावर कायदा व्हायला मार्च १८६३ उजाडला. म्हणजे सगळं मागितलं तसं, मागितलं त्या दिवशी मिळालं नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, आणि इथं मी वाद घालणारच नाही. राष्ट्रप्रमुख, सगळं मंत्रिमंडळ, विरोधी नेते, सेनाप्रमुख, न्यायाधीश एका छताखाली, जाहीर केलेल्या वेळी बसवणं म्हणजे शत्रूला ताटात वाढून देणं आहे. १६ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलच्या संसदेचं हिवाळी अधिवेशन उघडत असतानाच भोंगे वाजले आणि बैठक थांबवून सगळ्यांना आडोशाला जावं लागलं. रशियाच्या हल्ल्यानंतर युक्रेनच्या संसदेनं बैठकांच्या वेळा आधी जाहीर करणं सोडून दिलं. हे शहाणपण आहे, भेकडपणा नव्हे. पण या अडचणीतून निघतं काय? जागा बदला, वेळ लपवा, कॅमेरे बंद ठेवा, पाहुण्यांना बोलावू नका. बैठकच नको, हे त्यातून निघत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ला सुरू झाला त्याच दिवशी, कीवमध्ये खासदार जमले आणि लष्करी कायद्याला त्यांनी मतदानानं मंजुरी दिली. फर्मान अध्यक्षांचं होतं, तरी मंजुरी लागत होती.

या बाबतीत माझ्या मनात सतत येतं ते १ फेब्रुवारी १९३९ चं फिगेरास. स्पेनचं प्रजासत्ताक जवळजवळ संपलं होतं. बार्सेलोना पडलं होतं, फ्रान्सच्या सरहद्दीकडे निर्वासितांचे लोंढे चालले होते. त्या रात्री सरहद्दीजवळच्या एका जुन्या किल्ल्याच्या तळघरात स्पेनच्या संसदेची बैठक भरली. हजर किती? ६२ सदस्य. तिथं पंतप्रधान नेग्रीन बोलले, इतर बोलले, ठराव झाला. काही दिवसांत त्यातले बहुतेक सरहद्द ओलांडून गेले. व्यवहारी माणूस विचारेल, याचा उपयोग काय झाला? युद्ध तर हरलंच. खरं आहे. पण हरताना कुणाच्या नावानं हरलो, हे त्या ६२ जणांनी नोंदवून ठेवलं.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि गंमत म्हणजे तो थाटाचे विरोधक क्वचितच मांडतात. युद्धातला उद्घाटन-सोहळा हा प्रश्नांचा गळा आवळण्याचं उत्तम साधन असतो. ४ ऑगस्ट १९१४ ला कैसर दुसऱ्या विल्हेल्मनं जर्मन संसदेचं अधिवेशन उघडलं ते संसदेत नव्हे, बर्लिनच्या आपल्या राजवाड्यातल्या शुभ्र दालनात. मला आता पक्ष माहीत नाहीत, मला फक्त जर्मन माहीत आहेत, असं तो म्हणाला, आणि पक्षनेत्यांनी पुढे होऊन त्याच्या हातात हात दिले. समाजवादी राजवाड्यात गेले नाहीत, पण त्याच दिवशी संसदेत त्यांनीही युद्धकर्जाच्या बाजूनं मत दिलं. पुढच्या कर्जाच्या वेळी, डिसेंबरात, विरोधात उभा राहिला तो त्यांच्यातला एकटा कार्ल लीबक्नेख्ट. त्याच ४ ऑगस्टला पॅरिसमध्ये अध्यक्षांचा ‘पवित्र ऐक्या’चा संदेश वाचला गेला, कायदे चर्चेविना मंजूर झाले आणि फ्रान्सचं सभागृह थेट डिसेंबरपर्यंत घरी गेलं. मधल्या काळात देश सरसेनापती चालवत होता. रशियात झारनं ड्यूमाच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांना हिवाळी महालात बोलावलं, ड्यूमा एक दिवस भरली, आणि मग पुढच्या वर्षीच तीन दिवसांपुरती उघडली.

हे पाहिल्यावर उद्घाटनाचा सोहळाच नको, असं एखाद्याला वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. आपल्याकडचाच अनुभव काय सांगतो? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी हिंदुस्थानच्या एकाही प्रतिनिधीला न विचारता देश युद्धात असल्याचं जाहीर केलं, आणि मग ११ तारखेला मध्यवर्ती विधिमंडळापुढे येऊन राजाचा संदेश वाचून दाखवला. याला म्हणतात वरातीमागून घोडे. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी पुढे राजीनामे दिले त्याला हेच कारण. हिटलरच्या काळात तर संसद एका नाट्यगृहात भरायची, भाषण ऐकायची, राष्ट्रगीत म्हणायची आणि उठायची. जगातलं सगळ्यात महागडं गायकवृंद, अशी तिची चेष्टा जर्मन लोक दबक्या आवाजात करत. एप्रिल १९४२ नंतर त्या नंदीबैलांनाही पुन्हा बोलावण्याची गरज पडली नाही.

पण या सगळ्या प्रसंगांत काय सारखं आहे ते पाहा. कैसरनं प्रतिनिधींना आपल्या घरी बोलावलं. झारनंही. व्हाइसरॉयनं निर्णय आधी घेतला आणि सभागृहापुढे भाषण नंतर केलं. फ्रान्समध्ये संदेशानंतर चर्चा नव्हती. म्हणजे दार आपटणं नव्हतं, ओलीस नव्हता, ते भलतंच विधेयक नव्हतं. आणि मुख्य म्हणजे भाषणावर सभागृहाचं उत्तर नव्हतं. थाट होता तो सगळा विधीची जागा खाऊन बसलेला. अभिभाषणाचा प्राण भाषणात नसतो, त्यावरच्या आभाराच्या ठरावात असतो, कारण त्या ठरावाला दुरुस्ती सुचवता येते आणि ती मंजूर झाली तर सरकारची लाज जाते. कधी खुर्चीही जाते: जानेवारी १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये बाल्डविनचं सरकार याच चर्चेतल्या दुरुस्तीवर हरलं आणि पहिलं मजूर सरकार आलं. राज्यसभेनं २०१५ आणि २०१६ मध्ये राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या ठरावात दुरुस्त्या मंजूर केल्या. सरकार पडलं नाही, पडणारही नव्हतं, पण नोंद झाली.

फ्रान्सची पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्या सोयीचंच सांगितल्यासारखं होईल. घरी गेलेलं ते सभागृह परतलं, आणि जून १९१६ मध्ये गुप्त बैठका घेऊन त्यानं व्हर्दूंच्या बचावात झालेल्या चुकांवर सेनापतींना आणि मंत्र्यांना धारेवर धरलं. रशियाचा झार मात्र फेब्रुवारी १९१६ मध्ये प्रथमच स्वतः ड्यूमाच्या इमारतीत आला. प्रार्थना झाली, जयजयकार झाला, कित्येकांचे डोळे पाणावले. ड्यूमाला जबाबदार असणारं मंत्रिमंडळ द्या, एवढीच मागणी होती. ती त्यानं मानली नाही. सुमारे वर्षभरानं सिंहासन गेलं. झार योग्य दारात आला होता, पण काही ऐकायला आला नव्हता.

युद्धात प्रश्न विचारले की सैन्याचं मनोधैर्य खचतं, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या पराभवावर कॉमन्समध्ये दोन दिवस जे घडलं ते चांगलं कडवट होतं. पंतप्रधान चेंबरलेन २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले, पण स्वपक्षातले इतके फुटले की दोन दिवसांत पायउतार झाले, आणि ज्यांच्या नावानं आज मनोधैर्याच्या गोष्टी सांगतात ते चर्चिल त्यामुळेच आले. चर्चिलनाही पुढे सुटका नव्हती. उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक पडल्यावर जुलै १९४२ मध्ये त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. ४७५ विरुद्ध २५ नं तो फेटाळला गेला. त्या पंचवीस जणांमुळे ब्रिटन एकही लढाई हरलं नाही.

थाटवाल्यांसाठी एवढंच: शत्रूकडे हेर असतात. तुमच्याकडे दारूगोळा किती आहे ते त्याला ठाऊक असतं. बग्गीचे घोडे मोजून तो मत बदलत नाही.

आता आपल्या देशाकडे येतो, कारण थाट फारसा नसल्याची किंमत काय असते ते इथं दिसतं. मूळ राज्यघटनेत प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्रपतींचं अभिभाषण होतं. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीनं ते निवडणुकीनंतरच्या आणि दर वर्षाच्या पहिल्या अधिवेशनापुरतं ठेवलं. एरवी राष्ट्रगीत होतं, दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली जाते आणि काम सुरू होतं. मला हा साधेपणा आवडतो. पण अधिवेशन कधी बोलवायचं हे सरकार ठरवतं, आणि त्याच्या हाताला घटनेनं एकच गाठ बांधली आहे: दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नको. युद्ध त्या सहा महिन्यांच्या आत सुरू होऊन संपू शकतं.

१९६२ मध्ये चीननं हल्ला केला तेव्हा जनसंघाचे तरुण राज्यसभा सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली. नेहरूंनी ती मानली. ८ नोव्हेंबरला संसद भरली, गुप्त बैठकीची सूचना आली ती नेहरूंनी नाकारली, आणि आठवडाभर उघड्यावर सरकारची सालटी निघाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन अधिवेशनाच्या तोंडावर पदावरून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला तो याच दिवसांत. लढाई आपण हरलो, संसदेमुळे नव्हे. १९७१ मध्ये अधिवेशन चालूच होतं, त्यामुळे ३ डिसेंबरच्या हवाई हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी सरकार सभागृहापुढे उभं होतं, बांगलादेशाची मान्यता ६ तारखेला तिथंच जाहीर झाली आणि ढाक्यातल्या शरणागतीची बातमी १६ ला तिथंच आली. मग १९९९. कारगिलच्या वेळी लोकसभा विसर्जित झालेली होती, सरकार काळजीवाहू होतं. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, तिचं खास अधिवेशन बोलवा, असं विरोधक म्हणत होते. ते बोलावलं गेलं नाही. पंतप्रधान होते वाजपेयी. सदतीस वर्षांत माणूस तोच, बाक बदललेला. मे २०२५ मध्येही ऑपरेशन सिंदूरनंतर खास अधिवेशनाची मागणी झाली. चर्चा झाली ती जुलैअखेर, पावसाळी अधिवेशनात.

यात मला एका पक्षाला झोडपायचं नाही. सरकारच्या बाजूनंही बोलता येतं: सर्वपक्षीय बैठका झाल्या, मोहीम चालू असताना सगळं उघड बोलता येत नाही, शेवटी चर्चा झालीच ना? पण सर्वपक्षीय बैठकीची कार्यवाही छापली जात नाही आणि तिथं कुणी मत देत नाही. शिवाय अधिवेशन मागावं लागलं की मागणाराच संशयित ठरतो. तुम्ही आत्ता प्रश्न विचारताय म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूचे, हा सवाल लगेच येतो, आणि मूळ प्रश्न कोपऱ्यात राहतो. ब्रिटनमध्ये १९४० च्या नोव्हेंबरात कुणाला अधिवेशन मागावं लागलं नाही. नोव्हेंबर आला, राजा आला, भाषण झालं, चर्चा झाली. रूढ विधीचा युद्धातला सगळ्यात मोठा उपयोग हा आहे: संसद कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही आणि ती भरवण्यासाठी कुणाला देशद्रोही म्हणवून घ्यावं लागत नाही. आपण थाट कमी केला ते चांगलं केलं, पण त्याबरोबर तारीखही सरकारच्या खिशात घातली. सशस्त्र संघर्ष सुरू झाल्यापासून ठरावीक दिवसांत दोन्ही सभागृहं, किंवा उरलेलं एक, आपोआप भरेल असा नियम करायला कुठली बग्गी लागते?

दार वाजत राहिलं तर काय होतं, याचा एक प्रसंग आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये सहाव्या जॉर्जनं जे भाषण वाचलं ते चर्चिल सरकारनं लिहिलेलं होतं. १५ ऑगस्ट १९४५ ला, जपाननं शरणागती पत्करल्याची बातमी आली त्याच दिवशी, तो पुन्हा अधिवेशन उघडायला आला. रस्त्यांवर विजयाचा जल्लोष करणारी गर्दी होती. मधल्या काळात निवडणूक झाली होती, लोकांनी युद्ध जिंकून देणाऱ्याला घरी बसवलं होतं, आणि राजानं तितक्याच गंभीर आवाजात मजूर पक्षाच्या ॲटली सरकारचा मजकूर वाचला: कोळशाच्या खाणी आणि बँक ऑफ इंग्लंड सरकारी मालकीची करणार. दुसऱ्या दिवशी चर्चेला सुरुवात झाली. कॉमन्सला स्वतःचं दालन अजून नव्हतं. दुसऱ्यांकडून मागून घेतलेल्या त्या दालनात चर्चिल विरोधी बाकावरून उठले आणि अभिभाषणावर बोलू लागले.